छप्पर मोकळं हवंय? मग जोर कोण घेणार?

कौलारू घर, सागाचे वासे आणि मधे एकही खांब नसलेला ऐसपैस हॉल... वीकेंड होमचं हे स्वप्न अनेकांच्या मोबाइलमध्ये सेव्ह केलेलं असतं. फक्त त्या फोटोत एक गोष्ट दिसत नाही. छपराचा भिंतींवर बसणारा आडवा ढोस!

शनिवारची सकाळ. आदल्या रात्री घाटातला ट्रॅफिक पार करत कसंबसं गाव गाठलेलं. डोळे उघडतात तेव्हा वर काय दिसतं? सागाचे वासे, त्यावर रीपा, रीपांवर लाल कौलं आणि एका काचेच्या कौलातून खाली उतरलेला उजेडाचा पट्टा. आढ्याकडे बघत पडणं हा आपल्याकडे आळशीपणाचा पुरावा मानला जातो. पण आठवडाभर फॉल्स सीलिंगखाली बसणाऱ्या पब्लिकसाठी ते कुठल्याही स्पा ट्रीटमेंटपेक्षा कमी नाही, बॉस!

गावचं घर रिनोव्हेट करणाऱ्या किंवा सेकंड होम बांधणाऱ्या बहुतेकांना हाच लूक हवा असतो. डबल हाइट लिव्हिंग रूम, त्यातच डायनिंग, त्यातच किचन. वर उघडं लाकूड. मधे खांब नको, आडवी तुळई तर अजिबात नको. थोडं बाली, थोडं केरळ आणि तोंडी लावायला थोडं स्वित्झर्लंड. आर्किटेक्टकडे जाताना लोक कागद-पेन्सिल नेत नाहीत, फोटोंचा फोल्डर नेतात.

फोटो खोटे नसतात. तशी छपरं खरंच उभी असतात. ती कशाच्या जोरावर उभी असतात, हे मात्र मला कळलं ते आमच्याच घरात. आणि जरा महागात पडून.

माळा गेला, हॉल आला

आमचं घर दापोली तालुक्यात. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, माजघराच्या डोक्यावर माळा. २०१७ च्या उन्हाळ्यात काकांनी ते नीट करायला काढलं. दादा आणि वहिनी, दोघंही पुण्यात आयटीत. त्यांची एकच मागणी होती, माळा काढून माजघराचा मोठा हॉल करायचा. त्यांचंही चूक नव्हतं. माळा म्हणजे काय, तर अंधार, उंदीर, पितळेची भांडी आणि गणपतीचं मखर. काकू तेवढी म्हणाली, "मखर कुठे ठेवायचं ते आधी सांगा." तिला कुणी उत्तर दिलं नाही.

माळ्याच्या फळ्या निघाल्या. पण खालच्या तुळयांना हात लावायला गावातले सुतारकाका तयार होईनात. फळ्या काढतो, तुळया राहू देत, असं त्यांनी दोनदा सांगितलं. का, ते त्यांना नीट सांगता येईना. वडिलांनी तसं शिकवलं होतं, एवढंच. मग शहरातून आलेल्या कॉन्ट्रॅक्टरने एका दिवसात सगळ्या तुळया कापून बाजूला केल्या. त्याचं लॉजिक साधं होतं. तुळया माळ्यासाठी असतात, माळाच नाही तर तुळया कशाला? आम्हाला ते एकदम पटलं. आणि हॉल दिसत होता झकास! त्या वर्षीच्या गणपतीत येणारा प्रत्येक पाहुणा आधी वर बघायचा आणि मग मूर्तीकडे.

२०१९ च्या गणपतीत एका दाराची झडप लागेना. पावसाने लाकूड फुगलं असेल म्हणून तिला रंधा मारला. भिंतीच्या वरच्या अंगाला एक आडवी भेग दिसत होती, तिच्यात चुना भरला. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. त्यात आमची निम्मी कौलं उडाली, भेग पुन्हा उघडली, आणि सगळ्यांनी खापर वादळावर फोडलं.

त्या डिसेंबरमध्ये दादाच्या ओळखीतला एक स्ट्रक्चरल इंजिनीअर घर बघायला आला. कौलांकडे बघायच्या आधी त्याने भिंतीला ओळंबा लावला. भिंत माथ्याशी दीड इंच बाहेर झुकलेली. मग टॉर्च मारून तो भेगेत डोकावला. आत २०१९ चा चुना होता.

"काका, ही भेग वादळाची नाही. आधीपासूनची आहे," तो म्हणाला. "इथल्या तुळया कुठे गेल्या?"

घडीच्या शिडीचा फंडा

घरात घडीची शिडी असेल तर एकदा नीट बघा. तिच्या दोन पायांमध्ये एक साखळी किंवा दोरी असते. ती सोडून शिडीवर चढलात तर काय होईल? गुळगुळीत फरशीवर दोन्ही पाय बाहेर सरकतील आणि तुम्ही खाली. (कृपया करून बघू नका!) उतरतं छप्पर म्हणजे अशा शिड्यांची रांगच. वाशांच्या जोड्या वर आढ्याला एकमेकींवर टेकलेल्या आणि खाली भिंतींवर ठेवलेल्या. कौलांचं वजन खाली दाबतं, तसे वासे पाय फाकवायला बघतात. माळ्याखालच्या आमच्या तुळया ही ती साखळी होती. माळा उचलणं हे त्यांचं पार्टटाइम काम. खरी नोकरी दोन भिंतींना एकमेकींपासून लांब जाऊ न देण्याची.

हा ढोस असतो तरी किती? समजा, हॉल ६ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब आहे, म्हणजे साधारण २० बाय ४० फूट. आढं भिंतीच्या माथ्यापासून २ मीटर उंच. कौलं, रीपा, वासे सगळं मिळून चौरस मीटरला १०० किलो धरू. मधे काहीच बांधून ठेवलेलं नसेल, तर भिंतीला दर मीटरमागे सुमारे २२५ किलोचा आडवा ढोस बसतो. म्हणजे सबंध भिंतीवर २७०० किलो. तीन छोट्या गाड्या भिंतीच्या माथ्याला टेकून तिला बाहेर ढकलताहेत असं समजा. चोवीस तास, बारा महिने.

यातली मेख पुढे आहे. आढ्याची ही उंची निम्मी केली, तर ढोस दुप्पट होतो. उंची तीच ठेवून हॉल दीडपट रुंद केला, तर ढोस सव्वादोनपट. म्हणजे जितकं बसकं छप्पर आणि जितका रुंद हॉल, तितकं दुखणं मोठं. मासिकांमधली बसकी, पसरट, 'मिनिमल' छपरं इथेच खरी महाग पडतात.

आणि भिंत? जांभ्यावर वरून कितीही वजन टाका, तो ऐकून घेतो. आडवं ढकललेलं त्याला सोसत नाही. जुन्या घरांत दगडांच्या सांध्यांत मातीच असते, मग तर बघायलाच नको. भिंत एका दिवसात पडत नाही. दर पावसाळ्यात दोरा-दोरा सरकते. भिंती बाहेर, की आढं खाली. आढ्याला बाक आला, कौलांच्या रांगा वाकड्या झाल्या, दारं अडकायला लागली, की समजायचं.

खणाच्या हिशेबातली घरं

आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांत इतके खांब का होते? हौस म्हणून नाही. लाकूड जेवढं लांब, तेवढीच खोली रुंद. दोन तुळयांमधली किंवा दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. वाड्यातलं बिऱ्हाडसुद्धा खणांत मोजायचे, दोन खणांची जागा, तीन खणांची जागा. स्क्वेअर फूट नंतर आले. सगळं घर लाकडाच्या पट्टीने मोजलेलं होतं म्हणा ना!

त्यात भर पडली कौलांची. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि यंत्रावर दाबलेलं, एकमेकांत अडकणारं कौल किनाऱ्याने सगळीकडे पोहोचलं. कोकणात, गोव्यात ते इतकं रुळलं की आता आपल्याला तेच 'पारंपरिक' वाटतं. ब्रिटिशांच्या काळातल्या शाळा, कचेऱ्या, रेल्वेची गोदामं यांना मोठ्या खोल्या हव्या होत्या. तिथे आली लाकडाची कैची. खाली आडवी तुळई, वर दोन तिरके वासे आणि मधोमध एक उभं लाकूड.

या मधल्या लाकडाला किंग पोस्ट म्हणतात, आणि ते भल्याभल्यांना चकवतं. बघणाऱ्याला वाटतं, हा छोटा खांब तुळईवर उभा राहून आढं उचलतोय. प्रत्यक्षात उलट! तो वरून लटकलेला असतो आणि खालच्या तुळईला मधोमध उचलून धरतो, तिला झोळ पडू देत नाही. वळचणीचं पाणी आढ्याला, तसाच प्रकार. म्हणूनच नीट बनवलेल्या जुन्या कैचीत त्याच्या पायाशी लोखंडी पट्टी दिसते. ती लटकवण्यासाठी असते. जुनी शाळा किंवा गोदाम दिसलं तर मान वर करून बघाच.

मग मोकळं छप्पर होतच नाही का?

होतं की! फक्त ढोस कुणीतरी घ्यावाच लागतो. कोण घेणार, हे घर बांधायच्या आधी ठरवायचं.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात देखणा उपाय म्हणजे लोखंडी सळई. ओढ सोसायला पोलाद इतकं पक्कं, की आठ इंची तुळईचं काम बोटभर जाडीची सळई करते. लांबून ती दिसतही नाही. लोक मात्र तिच्यावर नाक मुरडतात. 'रॉ' लूक हवा असतो, पण खरोखरचं रॉ लोखंड नको असतं. ही काय गंमत आहे, कळत नाही. मग मधला मार्ग म्हणून बरेच जण आडवा जोड वर, आढ्याजवळ सरकवतात. फोटोत ते छान दिसतं. पण शिडीची साखळी वरच्या दोन पायऱ्यांना बांधून काय उपयोग? जोड जितका वर, तितका त्याच्यावर ताण जास्त, आणि त्याच्या खालचा वासा वाकायला मोकळा. तो उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात असला तर ढोस धरतो. आढ्याजवळचा जोड वाऱ्यात वासे एकमेकांपासून सुटू नयेत एवढंच बघतो.

दुसरा मार्ग म्हणजे आढंच तगडं करायचं. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर एक दणकट तुळई टाकायची आणि वासे तिच्यावर टांगायचे. आढं खाली येत नाही म्हटल्यावर वाशांना पाय फाकवायचं कारणच उरत नाही. आडवी तुळई नको, सळई नको, हॉल अगदी मोकळा. ऐकायला भारी, नाही का? आता हिशेब. आपल्या २० बाय ४० च्या हॉलमध्ये छपराचं निम्मं वजन, म्हणजे ३६०० किलो, या एका तुळईवर येतं. ते झोळ न पडता पेलायला साग घेतला, तर ढोबळमानाने ८ इंच रुंद आणि १८ इंच उंच लाकूड लागेल. तेही सलग ४० फुटांचं! रे रोडला किंवा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये असं लाकूड मागून बघा, आधी चहा पाजतील आणि मग हसतील. मधे एकच खांब दिला तर तीच तुळई पूर्वीच्या फक्त एक सोळांश वाकते. एका खांबात एवढा फरक! म्हणून अनुभवी आर्किटेक्ट तो खांब किचन आणि लिव्हिंगच्या मधे, नाहीतर पुस्तकांच्या शेल्फात अलगद लपवतात. टोकाच्या भिंतीत तुळई टेकते तिथेही पायापर्यंत पक्का आधार लागतो. बरोब्बर तिथेच खिडकी हवी असते, हा भाग वेगळा.

तिसरा प्रकार म्हणजे खरीखुरी कात्री. खालचे दोन जोड तिरके चढवून एकमेकांना छेद देतात, त्यामुळे मधे उंची मिळते. दिसतं मस्त. पण लाकडांवरचा ताण वाढतो, सांधे अवघड होतात आणि पाय थोडे फाकतातच. तो हिशेब भिंतीत आधीच धरावा लागतो.

आणि लाकडाने सगळ्यांत मोठी छाती कुठे दाखवली असेल, तर लंडनमध्ये. वेस्टमिन्स्टर हॉल बांधला गेला अकराव्या शतकाच्या शेवटी. १३९३ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाने त्याचं छप्पर नव्याने करायला घेतलं. सुतार होता ह्यू हर्लंड. हॉलची रुंदी ६८ फूट, आणि मधे एकही खांब नाही! एवढी लांब तुळई मिळणं अशक्य होतं. त्याने भिंतींतून आत येणारे आखूड हात काढले, त्यांच्यावर उभी लाकडं आणि कमानी चढवल्या, आणि टप्प्याटप्प्याने मधलं अंतर कमी करत नेलं. सुमारे ६६० टन ओक लागलं. अर्थात ढोस त्यालाही चुकला नाही. तो जाडजूड दगडी भिंतींनी आणि त्यांना बाहेरून दिलेल्या टेकूंनी घेतला. विसाव्या शतकात किडीने लाकूड इतकं पोखरलं होतं, की १९१४ ते १९२३ या काळात आत पोलाद घालून ते वाचवावं लागलं. राजाची तिजोरी असूनही ही कथा. आपलं तर होम लोन!

लाकूड कुठलं घेताय?

अखंड लांब लाकूड मिळत नाही, हे रडगाणं नवं नाही. फ्रान्समध्ये फिलिबेर द लॉर्म या आर्किटेक्टने १५६१ मध्ये पुस्तकच काढलं, आखूड फळ्या जोडून मोठ्या कमानी कशा करायच्या यावर. १९०६ मध्ये जर्मनीत ऑटो हेट्झरने फळ्या एकमेकींवर चिकटवून केलेल्या वक्र तुळईचं पेटंट घेतलं. आजचा ग्लुलॅम तो हाच. फळ्या आधी नीट वाळवलेल्या, गाठी काढून टाकलेल्या, त्यामुळे तुळई पिळवटत नाही आणि हवी तेवढी लांब मिळते. आपल्याकडेही आता तो मिळतो, पण स्वस्त नाही, आणि दमट हवेत कुठला गोंद वापरलाय हे विचारून घेतलेलं बरं.

बहुतेकांचं मन मात्र जुन्या वाड्याच्या सागावर जडलेलं असतं. मलाही तोच आवडतो. पण त्याचे फोटो बघून भाळू नका, हातात घेऊन बघा. जिथे पूर्वी दुसरी तुळई अडकत होती तिथे खाच असते, आणि नेमकी ती खाच मधोमध आली तर आठ इंची लाकूड कामाला पाच इंचीच उरतं. भिंतीत गाडलेली टोकं वाळवीने पोकळ झालेली असतात. हातोडी मारली की आवाजच सांगतो. सांधा हा तर वेगळाच विषय. लाकडाच्या टोकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून खुंटी मारलेला सांधा दाबाला उत्तम, ओढायला कच्चा. जिथे ओढ आहे तिथे बोल्ट आणि लोखंडी पट्टी हवीच. 'अस्सल पारंपरिक, एकही खिळा नाही' असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर आपण विचारायचं, मग ओढ कुठे जाते?

अडचण अशी, की याचं उत्तर देणारी माणसं कमी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या बांधकामांतून लाकूड हद्दपार केलं, ती बंदी उठली २०२० मध्ये. लाकडाच्या डिझाइनसाठी आयएस ८८३ हे भारतीय मानक आहे, पण काँक्रीटवर वाढलेल्या इंजिनीअरांना ते उघडायची वेळ क्वचितच येते. सुतारांकडे हात आहे, हिशेब नाही. इंटिरिअरवाल्यांकडे नजर आहे. आणि आपल्याकडे फोटो!

वारा आला की गणित उलटं

इतका वेळ आपण खाली दाबणाऱ्या वजनाबद्दल बोलत होतो. निसर्गने कोकणाला दुसरी बाजू दाखवली. ताशी ११० किलोमीटरचा वारा म्हणजे चौरस मीटरला साधारण ५७ किलोचा दाब. हा वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो. वळचणीला आणि कोपऱ्यांना ही ओढ सगळ्यांत जास्त. त्यात समोरचं दार तुटलं की आतून फुगा. मोकळ्या हॉलमध्ये मधे माळा नाही, पार्टिशन नाही, आत शिरलेला वारा थेट कौलांपर्यंत. दाब आणि ओढ एकत्र झाली की कौलारू छपराचं स्वतःचं वजन पुरत नाही.

म्हणून वासा भिंतीवर नुसता टेकवून चालत नाही. भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून फिरणारा काँक्रीटचा पट्टा, त्यात आधीच बसवलेले बोल्ट, त्यांना लाकूड आवळलेलं, आणि कडेची कौलं तारेने बांधलेली. खर्च सगळ्या घराच्या मानाने किरकोळ. गृहप्रवेशाच्या फोटोत यातलं काहीही येत नाही, त्यामुळे बजेट कापायची वेळ आली की पहिली कात्री इथेच लागते.

आमच्या हॉलचं काय झालं?

पुन्हा तुळया टाका, असं काकांचं म्हणणं होतं. दादा-वहिनीला मोकळा हॉल सोडवेना. दोन दिवस जेवणं जरा शांततेतच झाली. शेवटी इंजिनीअरने सळया सुचवल्या. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा, आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दर तीन मीटरवर एक सळई. मधे आवळायला टर्नबकल, बाहेरच्या बाजूला लोखंडी थाळ्या. आधी छपराला खालून टेकू दिले, मगच भिंतीच्या माथ्याला हात लावला.

टर्नबकल एका दमात आवळायचे नाहीत, असं त्याने बजावलं होतं. भिंत झुकायला तीन वर्षं लागली, ती एका दुपारी ओढून आणायला गेलात तर जांभा फुटेल. मग आठवड्याला अर्धा फेरा. हे काम सुतारकाकांनी अंगावर घेतलं. तुळया का काढायच्या नव्हत्या, हे आता इंजिनीअरने त्यांना कागदावर काढून दाखवलं होतं. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

भिंत पूर्ण सरळ आली नाही. दीड इंचातला अर्धा इंच परत मिळाला, उरलेला तसाच आहे, आणि दाराला मारलेला रंधा आता उलटा नडतो. फट राहते, थंडीत वारा येतो. सळयांना दादाने काळा रंग दिला. वहिनीला त्या पहिल्या वर्षी खुपायच्या, आता तिलाही दिसत नाहीत म्हणते.

मखर अजून पडवीत, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं आहे.